कंटेनरच्या छताला घाम, वरची खोकी ओली: हे पाणी येतं कुठून आणि थांबवायचं कसं

हापूसच्या पल्पचे डबे, आंबापोळी, कोकमाचं आगळ, लोणची असा माल न्हावाशेव्याहून जहाजाने पाठवणाऱ्याला हा फोटो एकदा तरी येतो. कंटेनरचं दार उघडलेलं. वरच्या थरातली खोकी मधोमध खचलेली, पुठ्ठ्यावर तपकिरी ओघळ, छताच्या पत्र्याला पाण्याचे मणी आणि डब्यांच्या काठाला गंजाची रेघ. आतला पल्प उत्तम असतो, डबा कुठे फुगलेला नसतो. तरी घेणारा म्हणतो, असा डबा मी दुकानात मांडू शकत नाही. त्याचं बरोबर असतं.

आमचा कारखाना रत्नागिरी जिल्ह्यातल्या पावस गावाजवळ आहे आणि माल इंग्लंडला फेलिक्स्टो बंदरात उतरतो. हा फोटो आम्हाला लागोपाठ तीन पावसाळे आला. २०२२ साली वाटलं कंटेनरला भोक असणार. कंटेनर देणाऱ्यांशी बरेच दिवस पत्रव्यवहार केला, तिकडे पाहणी झाली, भोक सापडलं नाही. २०२३ साली ओल शोषणाऱ्या पिशव्या आठाच्या सोळा केल्या. पिशव्या काठोकाठ भरून आल्या आणि खोकी तरीही भिजली. २०२४ साली वरचे दोन थर गेले. त्या वर्षी मी ठरवलं की आता पिशव्या वाढवायच्या नाहीत, पाणी कुठून येतं ते शोधायचं. जे सापडलं ते इथे सविस्तर लिहिते, कारण हा त्रास किनारपट्टीवरच्या जवळजवळ प्रत्येक छोट्या कारखान्याला आहे आणि बहुतेक जण मी केल्या त्याच चुका करत आहेत.

आधी ओल कुठे आहे ते बघा

घेणाऱ्याला विनंती करा की माल उतरवण्याआधी फोटो काढ, उतरवताना प्रत्येक थराचे काढ. "माल ओला आला" एवढ्यावरून काहीच कळत नाही. ओल कुठे आहे यावरून कारण कळतं.

फक्त वरचा थर ओला, डाग वरून खाली ओघळलेले आणि छताच्या पन्हळींच्या रेषेत पडलेले, असं असेल तर तो छताचा घाम आहे. एकाच कोपऱ्यात किंवा एकाच भिंतीलगत वरपासून खालपर्यंत ओल असेल तर भोक, फाटलेलं रबर किंवा दाराची फट शोधा. खालचाच थर ओला असेल तर कंटेनरच्या तळाची लाकडी फळी ओली होती. खोकी बाहेरून कोरडी, पण आत डब्यांवर दव आणि गंज असेल तर थंड डब्यावर दमट हवा बसली आहे. त्याचा उपाय वेगळा आहे, तो पुढे येईल.

समुद्राचं पाणी की साधं, हे सर्व्हेअर, म्हणजे नुकसानीची पाहणी करणारे, सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकून बघतात. पांढरा साका आला तर पाण्यात क्लोराइड आहे. मात्र एक गोष्ट त्यांना आधीच सांगून ठेवा. आपल्या शोषक पिशव्यांमध्ये कॅल्शियम क्लोराइड असतं, लोणच्यात मीठ असतं. पिशवी गळली किंवा बरणी झिरपली तरी तोच पांढरा साका येतो. नमुना पिशवीपासून लांबच्या खोक्यावरून घ्यायला लावा, नाहीतर समुद्राचं पाणी शिरल्याचा चुकीचा निष्कर्ष कागदावर येतो आणि पुढचा सगळा शोध भरकटतो.

आमचे तिन्ही वर्षांचे फोटो शेजारी शेजारी ठेवले तेव्हा तिन्हींत एकच चित्र होतं: ओल वरून, मधल्या पट्ट्यात, दोन्ही टोकांना कमी. समुद्र आत आलेला नव्हता. पाणी कंटेनरच्या आतलंच होतं.

छताला पाणी का सुटतं

मोदक वाफवताना आपण झाकणाखाली फडकं घालतो, झाकणावरचं पाणी मोदकांवर टपकू नये म्हणून. कंटेनरचं छत म्हणजे तेच झाकण. दिवसा उन्हात पत्रा इतका तापतो की हात लावता येत नाही. आतला पुठ्ठा आणि लाकूड तापून ओल हवेत सोडतात. रात्री पत्रा सर्वांत आधी गार होतो आणि ती वाफ त्याला चिकटून थेंब होते. सकाळी पुन्हा ऊन. यार्डात उघड्यावर उभ्या कंटेनरमध्ये हे रोज घडतं. म्हणून नुकसान समुद्रावरच होतं असं धरू नका. न्हावाशेव्याला जहाजाची वाट पाहत काढलेले पाच-सहा दिवस आणि मधल्या बंदरात एका जहाजावरून दुसऱ्यावर चढताना गेलेला आठवडा, हेही तितकेच घातक असतात.

आकड्यांत सांगते. आतली हवा ३० अंश आणि आर्द्रता ८० टक्के असेल तर पत्रा २६ अंशांवर आला की पाणी सुटायला लागतं. म्हणजे फक्त ४ अंशांचा फरक. तीच हवा ५० टक्के आर्द्रतेची असेल तर पत्रा साधारण १८ अंशांपर्यंत उतरावा लागतो. हवा गार होण्यापासून आपण थांबवू शकत नाही, पण तिच्यात पाणी किती असेल ते आपल्या हातात आहे.

मग पाणी आलं कुठून

मीही आधी समजत होते की पावसाळी दमट हवा आत कोंडली जाते आणि तेच पाणी. हिशोब मांडला तेव्हा ते खोटं ठरलं. २० फुटी कंटेनरचं आतलं आकारमान साधारण ३३ घनमीटर. ३० अंशांची पूर्ण दमट हवा एका घनमीटरला ३० ग्रॅमच्या आसपास पाणी धरते. म्हणजे अख्ख्या रिकाम्या कंटेनरमधल्या हवेत फार तर एक लिटर. माल भरल्यावर मोकळी जागा निम्मी उरते आणि पाणीही निम्मं. अर्ध्या लिटरने दोन थर भिजत नाहीत.

याचं उत्तर मला आमच्या मुकादमाने दिलं. २०२४ च्या जुलैत त्याने लोडिंग करताना सहज म्हटलं होतं, "वयनी, ह्ये लाकूड वलं हाय, उचलताना कळतंय." पाऊस चालू होता, ट्रेलर उभा होता, मी ते ऐकून सोडून दिलं. तो माल बिघडून आल्यावर ते वाक्य आठवलं. दोन सुयांचं ओल मोजायचं यंत्र मागवलं आणि शेडमागे रचलेल्या पॅलेटच्या, म्हणजे खोकी ज्यावर रचतात त्या लाकडी चौकटीच्या, फळीत सुया रुतवल्या. आकडा आला ३१ टक्के. दुसऱ्या पॅलेटला २९. अंगणात तीन वर्षं वाळत पडलेल्या जुन्या आंब्याच्या फळीला १४.

आता हिशोब बघा. २० फुटीत १० पॅलेट, एक पॅलेट २० किलोचं, म्हणजे २०० किलो लाकूड. ३० टक्क्यांवरचं लाकूड वाटेत १८ टक्क्यांपर्यंत वाळलं तर १८ लिटर पाणी हवेत सोडतं. पुठ्ठ्याचा हिशोब त्याहून मोठा. ९०० खोकी, रिकामं खोकं अर्ध्या किलोचं, एकूण ४५० किलो पुठ्ठा. पावसाळ्यात उघड्या शेडमध्ये पुठ्ठा सहज पाच टक्के जास्त ओल पितो. ते झाले २२ लिटर. सगळंच्या सगळं पाणी सुटत नाही, पण निम्मं सुटलं तरी वीस लिटर होतं. एक किलोची कॅल्शियम क्लोराइडची पिशवी तिच्या वजनाच्या दीड-दोन पट पाणी घेते. आठ पिशव्या म्हणजे बारा ते सोळा लिटर. आणि दर आठवड्याला पुठ्ठा आणि लाकूड नवीन पाणी सोडतच राहतात. सोळा पिशव्या भरून आल्या याचा अर्थ पिशव्या खराब होत्या असा नव्हता. आम्ही कंटेनरमध्ये पाण्याची टाकी चढवत होतो.

एचटी शिक्का म्हणजे वाळलेलं लाकूड नव्हे

इथेच बहुतेकांची फसगत होते, आमचीही झाली. पॅलेटवर गव्हाच्या लोंबीचा शिक्का आणि त्याखाली एचटी (हीट ट्रीटमेंट) ही अक्षरं असतात. लाकडी पॅकिंगसाठीच्या आयएसपीएम-१५ या आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे लाकडाचा गाभा ५६ अंशांवर सलग ३० मिनिटं तापवला आहे, एवढंच तो शिक्का सांगतो. त्याने किडे आणि अळ्या मरतात. अर्ध्या तासाने लाकूड वाळत नाही. वखारीतून ताजं कापलेलं ओलं लाकूड तापवून त्यावर शिक्का मारला तरी तो शिक्का खराच असतो. वर ते पॅलेट जूनमध्ये उघड्या टेम्पोतून येतं आणि आपल्याच अंगणात ताडपत्रीखाली जमिनीवर उभं राहतं.

आता मी पॅलेट मार्च-एप्रिलमध्ये घेते, आंब्याच्या घाईआधी. बंद खोलीत, जमिनीपासून वीतभर उंच, भिंतीपासून सुटं ठेवते. ही आगोटच आहे. घरची मिरची-पापड जसे मिरगाआधी भरून ठेवतो तशीच. लोडिंगच्या आदल्या दिवशी प्रत्येक पॅलेटला तीन ठिकाणी सुया लावायच्या: वरची फळी, खालची फळी आणि मधला ठोकळा. ठोकळ्यात ओल सर्वांत जास्त दडते. १८ च्या वर आकडा आला की ते पॅलेट बाजूला. वखारवाल्याने पहिल्यांदा कुरकुर केली. मी यंत्र त्याच्यासमोर लावलं, आकडा दाखवला आणि थोडा जास्त दर कबूल केला. आता तो स्वतः मोजून पाठवतो. ज्यांना परवडतं त्यांनी प्लास्टिकची पॅलेट घ्यावीत. त्यांना शिक्का लागत नाही आणि ती पाणीही पीत नाहीत. पॅलेटशिवाय सुटी खोकी रचूनही माल जातो, पण उतरवणाऱ्या देशात मजुरी इतकी महाग आहे की घेणारा नाराज होतो.

खोकी, डबे आणि लोडिंगचा दिवस

पुठ्ठा मेच्या शेवटी एकदम घेऊन ठेवण्याचा मोह होतो. ठेवा, पण प्लास्टिकच्या वेष्टणातच ठेवा आणि लागतील तेवढेच गठ्ठे फोडा. ओल्या पुठ्ठ्याची ताकद किती जाते ते लक्षात घ्या. ५० टक्के आर्द्रतेत जे खोकं जेवढं वजन पेलतं, ते ९० टक्क्यांत जेमतेम निम्मं पेलतं. म्हणून वरचा थर भिजायच्या आधीच खालचा थर खचलेला असतो. खोक्याची ताकद त्याच्या चार कोपऱ्यांत असते, तेव्हा कोपऱ्यावर कोपरा येईल असंच रचा. विटांसारखं सांधा मोडून रचलेलं दिसायला पक्कं दिसतं, पण त्यात कोपरे खालच्या खोक्याच्या पोटावर येतात. ५ प्लायवरून (पाच थरांच्या पुठ्ठ्यावरून) ७ प्लायवर जायचं का, असा प्रश्न मला खूप जण विचारतात. जा, पण ओलीचा बंदोबस्त झाल्यावर. ओला ७ प्लाय अधिक पाणी घेऊन जातो, इतकंच.

डब्यांचं गंजणं अनेकदा कारखान्यातच सुरू होतं. प्रक्रिया झाल्यावर डबे पाण्यात गार करताना ते ३८ ते ४० अंशांवर असतानाच बाहेर काढा. त्या उरलेल्या उबेने डब्यावरचं पाणी आपोआप वाळतं. हाताला पूर्ण गार लागेपर्यंत ठेवले तर काठाच्या खाचेत पाणी राहतं आणि तिथूनच गंज धरतो. आमच्याकडे मे महिन्यात घाईघाईत डबे टाकीतच पडून राहायचे, रात्रपाळीवाले सकाळी काढायचे. गंजाची रेघ सगळ्या डब्यांना एकाच जागी का, हे तेव्हा उमगलं. आता डबे काढून जाळीवर एक रात्र पंख्याखाली उभे राहतात, मगच लेबल आणि खोकं. गोदामात वातानुकूलन असेल तर लोडिंगच्या आदल्या रात्री ते बंद करा. गार डबा पावसाळी हवेत आणला की गार पाण्याच्या तांब्यासारखं त्याला बाहेरून पाणी सुटतं, आणि आपण तो तसाच खोक्यात बंद करतो.

आंबापोळी आणि फणसपोळीची गोष्ट वेगळी. पाकीट शाबूत असताना आत बुरशी आली तर कंटेनरला दोष देऊ नका, पोळी नीट वाळली नव्हती. पदार्थात मोकळं पाणी किती आहे ते दाखवणारा वॉटर अॅक्टिव्हिटी नावाचा आकडा प्रयोगशाळेत मोजून मिळतो. तो ०.६० च्या खाली असेल तर बुरशी वाढत नाही. पोळी बुरशी न येता नुसती सादळून चिकट झाली असेल तर पाकीट बदला. साधी प्लास्टिकची पिशवी महिनाभराच्या प्रवासात हळूहळू ओल आत घेते. अॅल्युमिनियम फॉइलचा थर असलेलं पाकीट घेत नाही.

लोडिंगचा दिवस हा सगळ्यात नाजूक. कंटेनर न्हावाशेव्याच्या रिकाम्या यार्डातून तीनशेहून अधिक किलोमीटर येतो. तो दारात आल्यावर परत पाठवणं फार महाग पडतं, म्हणून खाद्यपदार्थांसाठीचा कंटेनर हवा आणि फळी कोरडी हवी हे फॉरवर्डरला, म्हणजे कंटेनर आणि जहाजाची व्यवस्था करणाऱ्या एजंटला, आधीच लेखी कळवा. आला की मी आत जाते आणि दोन्ही दारं बाहेरून लावायला सांगते. आत काळोख झाल्यावर डोळे सरावेपर्यंत थांबायचं आणि छत, कोपरे, दाराची कड बघायची. सुईएवढं भोक असलं तरी उजेडाचा ठिपका ठळक दिसतो. मग फळीला सुया लावायच्या. तिलाही १८ चीच मर्यादा. कंटेनर नुकताच धुतला असेल तर फळी वरून कोरडी आणि आतून ओली असते, त्यामुळे नुसत्या हाताने चाचपून कळत नाही. आणि एकदा खोल वास घ्या. आधीच्या फेरीत सुकी मासळी किंवा रसायन गेलं असेल तर तो वास पुठ्ठ्यात उतरतो.

कोसळता पाऊस असेल तर लोडिंग थांबवा. शेडपासून कंटेनरच्या दारापर्यंत ताडपत्री बांधा, अशी की पागोळ्या दोन्ही बाजूंनी बाहेर पडतील. शोषक पिशव्यांची बाहेरची वेष्टणं शेवटच्या क्षणी फाडा. आमची मुलं सकाळीच सगळ्या पिशव्या लटकवून मोकळी व्हायची आणि दार दुपारपर्यंत उघडं असायचं. निम्मी ताकद पावसची हवा पिण्यातच संपायची. पिशव्या भिंतीच्या पन्हळीत टांगा, डब्यांच्या वर टांगू नका. त्यात जमणारं पाणी खारट असतं आणि गळालं तर पत्रा खातं. वरच्या थरावर ओल पिणारं जाड न विणलेलं कापड पसरा. प्लास्टिक पसरू नका, त्यावर तळी साचतात आणि जहाज हललं की एकाच खोक्यावर ओततात. पॅलेटला स्ट्रेच फिल्म बाजूंनीच गुंडाळा, डोकं उघडं ठेवा. सगळीकडून बंद केलेल्या पॅलेटमध्ये आतली ओल आतच घाम होऊन बसते. शेवटी भिंतीतले छोटे झरोके आतून टेपने बंद करा. त्यांतून माल वाळण्याइतकी हवा खेळत नाही, दमट हवा मात्र येत राहते.

वाट लांबली आहे

२०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाल्यापासून युरोपची बरीच जहाजं सुएझऐवजी केप ऑफ गुड होपला वळसा घालू लागली. त्यात साधारण १० ते १४ दिवस वाढतात. नुसते दिवस वाढत नाहीत. माल कोकणच्या पावसाळी दमटातून दक्षिणेच्या गारठ्यात जातो, पुन्हा विषुववृत्ताच्या उष्म्यात येतो आणि परत उत्तरेच्या थंडीत. पत्रा दोनदा तापतो, दोनदा गार होतो. २०२४ ला आमचं नुकसान सर्वाधिक का झालं, त्याचं अर्धं उत्तर यात होतं. लांब वाटेसाठी पिशव्यांचा हिशोब दिवसांप्रमाणे करा आणि कंटेनर डेकखाली मिळावा अशी मागणी बुकिंगमध्ये घाला. नेहमी मिळतोच असं नाही, पण मागितल्याशिवाय कधीच मिळत नाही. एक छोटा तापमान-आर्द्रता लॉगर वरच्या थरात आणि एक दाराजवळ ठेवा. त्याच्या नोंदी बघितल्या की ओल कोणत्या तारखेला चढली ते कळतं, आणि ती तारीख यार्डातली की समुद्रावरची तेही.

विम्याबद्दल थोडक्यात. इन्स्टिट्यूट कार्गो क्लॉजेस या मालाच्या विम्याच्या ठरीव अटींपैकी बी आणि सी मध्ये घामाचं नुकसान बसत नाही, ए लागतो. ए मध्येही अपुरं पॅकिंग आणि मालाचा मूळ स्वभाव ही कारणं वगळलेली आहेत. म्हणजे ओली पॅलेट आपणच घातली होती असं सर्व्हेअरने लिहिलं तर पैसे अडतात. सुयांच्या यंत्राचे फोटो, आकडा आणि पॅलेटचा नंबर एकत्र दिसतील असे, तारखेसह जपून ठेवा. नुकसान बाहेरून दिसत नसेल तर जहाज कंपनीला लेखी सूचना माल हातात आल्यापासून ३ दिवसांच्या आत जावी लागते. हे घेणाऱ्याला आधीच सांगून ठेवा, तो शनिवारी दार उघडतो आणि सोमवारी फोटो पाठवतो.

थंडीत माल पोचला तर त्याला आणखी एक विनंती: गार डबे लगेच उबदार गोदामात नेऊन खोकी फोडू नकोस. एक दिवस खोक्यातच राहू दे.

२०२५ च्या पावसाळ्यात आम्ही हे सगळं केलं. पिशव्या परत आठच ठेवल्या, पॅलेट १६ आणि १७ वर होती. घेणाऱ्याने पाठवलेल्या पहिल्या फोटोत छत कोरडं होतं, वरची खोकी ताठ उभी होती आणि पिशव्या पाऊणच भरलेल्या. फक्त दाराजवळच्या दोन खोक्यांवर, उजव्या बाजूला, खालून वर चढलेली ओल होती. लॉगरमध्ये बघितलं तर दाराजवळची आर्द्रता एका रात्रीत एकदम चढली होती, वरच्या थरातली नव्हती. दाराच्या खालच्या कोपऱ्यात रबर दुमडलेलं होतं. काळोखात उभं राहून मी छत आणि भिंती पाहिल्या होत्या, तो कोपरा शेवटच्या पॅलेटच्या जागी येतो म्हणून वाकून पाहिला नव्हता. आता दारं लावली की मी आधी तिथेच बसते.